वाहन, मालकी आणि हाकण्याची रीत : उमरठ–पोलादपूरच्या घाटवाटांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

वाहनांचा इतिहास बहुधा वाहनांपुरताच लिहिला जातो. घोडा केव्हा आला, गाडीरस्ता केव्हा झाला, मोटार कोणत्या साली धावू लागली, ह्यांच्या नोंदी होतात. परंतु वाहन बदलले म्हणजे ते हाकणाऱ्या माणसाची वृत्ती व रीत कशी बदलते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माणूस वाहनाला चालवतो, ही समजूत इतकी रूढ आहे की, वाहनही माणसाला काही प्रमाणात चालवत असते, हे लक्षात येण्यास सायास पडतात. शूर माणूस शौर्याने, भित्रा भीतीने आणि उतावळा उतावळेपणाने वाहन हाकतो, असे म्हणून विषय संपवण्याकडे कल असतो. स्वभावाचा भाग त्यात आहेच. परंतु तोच माणूस आपल्या बैलांच्या गाडीवर एका रीतीने वागतो आणि भाड्याच्या बैलांच्या गाडीवर दुसऱ्या रीतीने वागतो, हे खेड्यातील कोणताही जाणता शेतकरी सांगू शकेल. तेव्हा स्वभावाखेरीज आणखी काही कारणे येथे काम करत असली पाहिजेत.

ह्या कारणांचा शोध घेण्यास रायगड जिल्ह्याचा (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्ह्याचा) महाड–पोलादपूर हा अंतर्भाग फार उपयुक्त आहे. सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी असलेला हा टापू समुद्रसपाटीपासून फारसा उंच नाही; परंतु पोलादपूरहून सुमारे चाळीस किलोमीटरांच्या वाटेने महाबळेश्वरास जावयाचे, तर सुमारे साडेचार हजार फुटांची उंची गाठावी लागते. दक्षिणेस खेडकडे जाताना कशेडीचा घाट आडवा येतो. सुभेदार तानाजी मालुसरे ह्यांचे उमरठ ह्याच डोंगराळ मुलखात आहे. अशा प्रदेशात वाहनाचा दोष लपून राहत नाही व हाकणाऱ्याची चूकही पोटात घातली जात नाही. सपाटीवर वाहनाची जी खोड वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही, ती घाटाच्या एका वळणावर उघडी पडते.

२

उमरठचे नाव इतिहासात अजरामर झाले ते ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीच्या सिंहगडच्या लढाईमुळे. त्या लढाईत तानाजींचे कर्तृत्व पायदळाच्या बळावर घडले, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सहज सोडून देण्यासारखी नाही. मावळ व घाटमाथ्याखालील कोकण हा पायी चालणाऱ्यांचा मुलूख. स्थानिक परंपरा असे सांगते की, सुभेदारांचा देह ज्या वाटेने घाटाखाली उमरठास आणला, त्या वाटेस पुढे मढेघाट असे नाव पडले. परंपरेचा ऐतिहासिक निर्णय काहीही होवो, तीत एक भौगोलिक सत्य आहे : त्या काळी ह्या मुलखात मोलाचे ओझे, मग ते जिवंत असो वा मृत, माणसाच्या खांद्यावरून जात असे.

घोडा मात्र ह्या राज्याच्या लष्करात होताच, आणि मालकीचा प्रश्न प्रथम स्पष्ट स्वरूपात दिसतो तो घोडदळातच. शिवकालीन घोडदळाचे दोन भाग सर्वश्रुत आहेत. बारगीर हा सरकारी पागेच्या घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद. घोड्याच्या पाण्याची व नालांची चिंता बारगिराने करावयाची नव्हती. ती सरकारने अंगावर घेतली होती. शिलेदारांना मात्र पागेच्या धाकात ठेवण्याकडे महाराजांचा कटाक्ष होता. ग्रँट डफनेही आपल्या १८२६ च्या इतिहासग्रंथात हाच मुद्दा नोंदवला आहे : महाराजांचा भरवसा शिलेदारांपेक्षा बारगिरांवर अधिक असे आणि शिलेदारांच्या पथकांत पागेचे स्वार मिसळून ठेवले जात.

ह्याचे कारण केवळ निष्ठेत शोधणे पुरेसे नाही. शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल होते. तो रणात पडला, तर शिलेदाराची चाकरी, पत व घरचे अन्न ही तिन्ही एकदम जात. मोगल फौजेविषयी लिहिताना विल्यम अर्विन ह्यानेही १९०३ मध्ये असेच निदान केले आहे की, घोडा स्वाराच्या मालकीचा असल्याने तो गमावण्याच्या भयाने स्वार निकराच्या प्रसंगी हात राखून लढे. म्हणजे भित्रेपणा म्हणून जे दिसते, ते पुष्कळ वेळा मालकीचे गणित असते. उलट बारगिराचा घोडा पडला, तर नुकसान पागेचे; म्हणून तो घोडा अधिक धाडसाने घाली. परंतु ह्याच व्यवस्थेचा दुसरा अंगभूत धोका असा की, दुसऱ्याच्या घोड्याची निगा कोण राखणार? पागेतील पखालजी, नालबंद व हवालदाराची देखरेख ही ह्या धोक्यावरची तोड होय. जेथे हाकणारा मालक नाही, तेथे निगा राखणारी वेगळी यंत्रणा उभारावी लागते, हा धडा पुढे तीन शतकांनी वेगळ्या वाहनांच्या संदर्भात पुन्हा गिरवावा लागला.

ब्रिटिश अमदानीत हिंदी रिसाल्यांत ‘सिल्हेदारी’ पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकून होती. स्वाराचा घोडा स्वाराचाच. परंतु तीत एक महत्त्वाची भर पडली : स्वारांच्या मासिक वर्गणीतून ‘चंदा’ नावाचा निधी उभारला जाई व मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घोडा घेण्यास त्यातून साहाय्य मिळे. मालकी एकट्याची, परंतु नुकसान सर्वांचे, अशी ही वाटणी होती. आजच्या मोटारविम्याचे बीज ह्या व्यवस्थेत स्पष्ट दिसते. आणि विम्याने हाकणाऱ्याच्या सावधपणावर होणारा परिणामही तीवरून तर्काने जाणता येतो.

३

व्यापारी वाहतुकीची स्थिती वेगळी होती. महाड हे सावित्री नदीवरील जुने बंदर. कोकणातील मीठ, नारळ व सुकी मासळी घाटावर चढे आणि घाटावरचे धान्य खाली उतरे. ही ने-आण दीर्घकाळ बैलांच्या पाठीवरून होत असे. लमाणांच्या तांड्यात बैल एकामागून एक चालत. गोणी पाठीवर दोन्ही बाजूंस सारख्या वजनाच्या लादलेल्या. येथे ‘हाकणे’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने लागू पडतो, कारण त्या क्रियापदात ‘हाक’ आहे. तांड्याचा वेग हाकणाऱ्याच्या इच्छेने ठरत नसे. तो सर्वांत मंद बैलाच्या चालीने ठरे. पाठीवर ओझे घेतलेल्या जनावराला घाईने उतरवले, तर ओझे मानेवर येऊन ते कोसळते. त्यामुळे लमाणाचे संथपण हा त्याचा स्वभाव मानण्यापेक्षा त्याच्या वाहनाची अट मानणे अधिक योग्य ठरेल.

गाडीरस्ता झाल्यावर ही अट बदलली. १८२८ मध्ये महाबळेश्वरास गोऱ्या अधिकाऱ्यांचे आरोग्यस्थान वसले. रेल्वे पुण्यास पोहोचण्यापूर्वी मुंबईहून तेथे जाण्याचा एक मार्ग समुद्राने बाणकोटास, तेथून सावित्रीतून दासगाव–महाडपर्यंत आणि पुढे पालखीने किंवा मेण्याने पार घाट चढून, असा होता. ह्याच पार गावापर्यंत १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाची अवजड फौज रडतोंडीच्या घाटाने उतरली होती. पुढे सर सेमूर फिट्झजेराल्ड (मुंबईचे गव्हर्नर, १८६७–१८७२) ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा घाटरस्ता झाला. तोच आजचा आंबेनळी घाट. पालखी चढ सरळ अंगावर घेऊ शकते, चाक घेऊ शकत नाही. म्हणून जुनी पायवाट ज्या सोंडेवरून नीट वर जाई, तेथे नवा रस्ता वळणे घेत, अंतर वाढवत व चढ कमी करत गेला. वाहनाने हाकणाऱ्याला बदलण्यापूर्वी रस्त्यालाच बदलले.

मेण्यात बसणारा मालक व तो वाहणारे भोई ह्यांचा संबंध नीट पाहिला, तर हाकणारा नेमका कोण, हाच प्रश्न पडतो. दिशा मालकाची, वेग भोयांचा. पुढचा भोई वाटेतील धोंडा, खड्डा, पाणी ह्यांची सूचना मागच्यास देत असे, कारण मागच्यास मेण्यामुळे पुढचे दिसत नसे. बसणाऱ्यास ह्यातले काहीही कळण्याची आवश्यकता नव्हती. वाहन जितके सुखाचे, तितकी वाटेची जाणीव कमी, हा न्याय येथे प्रथम दिसतो. पुढे तो मोटारीलाही लागू पडला.

बैलगाडीवर मात्र धुरीवर बसलेल्या गाडीवानास वाटेची जाणीव अंगाने होत असे. चढणीला गाडीचा भार मागे जाऊन ती उलार होऊ पाहते, उताराला तोच भार जुवावर म्हणजे बैलांच्या मानेवर येतो. म्हणून गाडीवान चढताना पुढे सरकून बसे, उताराला मागे बसे किंवा खालीच उतरून चाकाला लाकडी खोडा लावी. मुक्कामाच्या आधी बैल थकला, तर गाडीवानाने खाली उतरून चालावे, हा संकेत होता. ज्याचे बैल घरचे, तो पराणी क्वचित वापरी; ज्याचे भाड्याचे, त्याचा हात अधिक चाले. ह्या फरकामागील गणित शिलेदार व बारगीर ह्यांच्यातलेच होय.

४

मालकी आणि हाकणे ह्यांचा संबंध केवळ आर्थिक आहे, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. आपल्या समाजात लगाम कोणाच्या हाती असावा आणि गाडीत कोणी बसावे, हे जातीने ठरत आले. ह्याचा सर्वांत बोलका पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आठवणींत आहे. १९०१ मध्ये, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी, ते आपल्या भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले व वडिलांकडे कोरेगावास जाण्यास निघाले. ही मुले महार आहेत, हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर असा तोडगा निघाला की, गाडी मुलांनी हाकावी व गाडीवानाने बरोबर पायी चालावे. म्हणजे ज्यास गाडी हाकता येते, तो खाली चालतो आणि ज्यांना येत नाही, त्या मुलांच्या हाती कासरा दिला जातो.

१९२९ मध्ये चाळीसगावास ह्याच गोष्टीची अधिक भयंकर आवृत्ती घडली. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद असलेल्या डॉ. आंबेडकरांना स्थानकावरून महारवाड्यात न्यावयाचे होते. टांगेवाला महारास घेऊन टांगा हाकण्यास तयार नव्हता. तडजोड अशी झाली की, टांगा भाड्याने द्यावयाचा, हाकणारा द्यावयाचा नाही. पाहुण्याने पायी यावे, हे वस्तीतील लोकांना अपमानास्पद वाटले. म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेला त्यांच्यातीलच एक जण लगाम धरून बसला. पुलावर चाक अडकले, आंबेडकर दगडी फरसबंदीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा व टांगा खाली नदीत गेले. अपघाताचे कारण शोधणाऱ्या कोणत्याही चौकशीत ‘चालकाचा अननुभव’ असा शेरा पडला असता, आणि तो शब्दशः खरा असूनही संपूर्ण खोटा ठरला असता. अनुभवी हात टांग्याजवळच होता. तो वर बसला नाही, एवढेच.

महाडच्या इतिहासाशी ह्या प्रश्नाचा थेट संबंध आहे. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबरात दुसरी परिषद भरावयाची होती. मुंबईकरांचा नेहमीचा मार्ग धरमतरपर्यंत जलमार्गाने व पुढे मोटारीने, असा होता. परंतु धरमतरचे मोटारवाले आयत्या वेळी नेण्यास नकार देतील, अशी शंका असल्याने २४ डिसेंबर रोजी आंबेडकर व त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरास, तेथून खाडीने दासगावास आणि पुढे पायी महाडास गेले. मोटार हे नवे वाहन जातिभेदाच्या आड येईल, अशी त्या काळी अनेकांची अपेक्षा होती. यंत्राला विटाळ होत नाही, हे खरे. परंतु यंत्र मालकाच्या हाती असते आणि मालक समाजाच्या. जुन्या वाहनाची रीत नव्या वाहनावर कशी चढून बसते, ह्याचे हे उदाहरण होय.

५

१९१४ च्या कायद्याने हिंदुस्थानात मोटार हाकण्यास परवाना आवश्यक ठरला. प्रारंभीच्या मोटारीने चालकावर जी शिस्त लादली, ती आज विस्मृतीत गेली आहे. गिअर बदलताना दातांचा मेळ चालकाने स्वतः घालावयाचा असल्याने, दुहेरी क्लच दाबून व इंजिनाचा आवाज ऐकून, योग्य क्षण साधावा लागे. चढाच्या मध्यावर हा क्षण चुकला, तर मोटार मागे घसरे. म्हणून घाटाच्या पायथ्याशीच गिअर निश्चित करावयाचा, ज्या गिअरमध्ये चढावयाचे त्याच गिअरमध्ये उतरावयाचे आणि ब्रेक केवळ अडीअडचणीस वापरावयाचा, असा नियम घाटातील चालकांच्या अंगवळणी पडला. ब्रेक सतत दाबला, तर तो तापतो व ऐन उतारावर पकड सोडतो. इंजिनाचा रोध मात्र तापून निकामी होत नाही. उकळलेले पाणी बदलण्यास थांबणे, चाकामागे धोंडा घेऊन चालणारा ‘क्लीनर’ बरोबर बाळगणे, ह्याही गोष्टी त्यात आल्या. गाडीवान व हा चालक ह्यांत फार अंतर नव्हते; दोघांनाही वाहनाची दमछाक कानाने व अंगाने कळत असे. चढणाऱ्या वाहनास उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा संकेतही भरलेल्या गाडीच्या अडचणीतून आला आहे, कारण चढावर एकदा थांबलेले वाहन पुन्हा हलवणे कठीण असते. १९८९ च्या वाहतूक-नियमांत तो शब्दबद्ध झाला.

दोन महायुद्धांच्या दरम्यान खासगी ‘सर्व्हिस मोटारीं’चा सुळसुळाट झाला. येथे मालकीचे गणित पूर्वीपेक्षा निराळे होते. मोटारवाल्याची मिळकत दर खेपेला मिळणाऱ्या उतारूंवर अवलंबून असे. जो आधी थांब्यावर पोहोचेल, त्यास उतारू. त्यामुळे घोडा जपणाऱ्या शिलेदाराचा वारस असूनही हा मालक वाहन जपत नसे. तो शर्यत लावी व आसनांपेक्षा अधिक माणसे भरी. ह्यावरून मालकी माणसाला सावध करते, हा निष्कर्ष सुधारून घ्यावा लागतो. मालकाचे उत्पन्न वाहन टिकण्यावर अवलंबून आहे, की वाहन पळण्यावर, हे आधी पाहिले पाहिजे. रेल्वे व मोटार ह्यांच्या स्पर्धेचा विचार करणारा मिचेल–कर्कनेस अहवाल (१९३३) व त्यानंतरचा १९३९ चा मोटार वाहन कायदा ह्यांनी परवान्यांची बंधने घातली, त्यामागे ही अनवस्था होती. त्याच कायद्याने तिऱ्हाइताच्या हानीसाठी विमा सक्तीचा केला. ती तरतूद १९४६ मध्ये अमलात आली.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. ह्या घटनेचे वर्णन राष्ट्रीयीकरण म्हणून केले जाते. हाकण्याच्या इतिहासात मात्र तिचा अर्थ असा की, शिलेदाराची जागा पुन्हा बारगिराने घेतली. चालक पगारी झाला. उतारू कमी भरले, म्हणून त्याचे वेतन घटत नाही. तिकिटे फाडण्याचे काम वाहकाकडे गेले आणि चालकाचा हात पैशापासून सुटला. वेळापत्रक हे त्याचे नवे बंधन. पागेतील नालबंद व पखालजी ह्यांच्या जागी आगारातील कारागीर आला. आणि गाडीत बसणाऱ्याची जात विचारण्याचा अधिकार चालकास उरला नाही, कारण गाडी त्याची नव्हती; ती सार्वजनिक होती. महाड–पोलादपूरसारख्या भागात ह्या एका गोष्टीचे मोल फार मोठे आहे. बारगिरी पद्धतीचा जुना दोषही अर्थात तिच्याबरोबर आला : आगाराची देखरेख ढिली पडली की गाडी कोणाचीच राहत नाही.

६

खासगी मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती त्यानंतर पुष्कळ काळाने. स्वातंत्र्योत्तर तीन-चार दशके ‘ॲम्बॅसडर’ व मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी, पुढे ‘पद्मिनी’ म्हणून प्रसिद्ध झालेली ‘फियाट’, ह्या दोनच गाड्यांचे राज्य होते. ‘फियाट’चा गिअर सुकाणूच्या दांड्यावर असे, इंजिन सुमारे अकराशे घनसेंटिमीटरांचे व ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ही गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे व सुटे भाग दुर्मिळ. म्हणून मालक ती घोड्यासारखी जपे. १९८३ च्या डिसेंबरात ‘मारुती ८००’ आली. ती हलकी, चपळ, चटकन वेग घेणारी होती. जुन्या चालकांचे हात ह्या गाडीने बदलले : पुढच्या वाहनास मागे टाकणे पूर्वी विचारपूर्वक करावयाचे काम होते, ते आता सहज वाटू लागले. १९९४ नंतर ‘सुमो’सारख्या उंच गाड्या आल्या. उंच बसणाऱ्यास रस्ता दूरवर दिसतो व आपला वेग आहे त्याहून कमी भासतो. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र उंचावल्याने वळणावर ती अधिक अस्थिर असते. भासणारी सुरक्षितता व प्रत्यक्ष सुरक्षितता येथे परस्परविरुद्ध दिशांना जातात.

ह्या तफावतीचा शास्त्रीय विचार मानसशास्त्राने व अर्थशास्त्राने केला आहे. गिब्सन व क्रुक्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३८ मध्येच दाखवून दिले की, चालक आपल्या पुढील ‘सुरक्षित वाटचालीचे क्षेत्र’ सतत मनाशी आखत असतो. ब्रेक अधिक चांगले झाले, तर तो हे क्षेत्र विस्तारतो व वाचलेले अंतर वेगात खर्च करतो. सॅम पेल्ट्झमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये सुरक्षा-साधनांच्या सक्तीविषयी असाच युक्तिवाद मांडला. त्याच्या आकडेवारीविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि पट्ट्यासारख्या साधनांनी असंख्य जीव वाचले, हे नाकारता येणार नाही. तरीही म्युनिकमधील टॅक्सींवर झालेला प्रयोग विचार करावयास लावतो : ज्या गाड्यांत चाके न अडकू देणारे नवे ब्रेक बसवले होते, त्यांच्या अपघातांची संख्या घटली नाही, चालक वळणे अधिक वेगाने घेऊ लागले व पुढील वाहनामागे अधिक जवळून जाऊ लागले. तेच ब्रेक २०१९ पासून भारतातील नव्या मोटारींत सक्तीचे आहेत.

उमरठ–पोलादपूरच्या संदर्भात ह्याचा अर्थ असा. गणेशोत्सवास मुंबईहून गावी येणारा चाकरमानी एके काळी बोटीने व सर्व्हिस मोटारीने, नंतर एस. टी.ने येई, आता त्यांतील पुष्कळ जण स्वतःच्या गाडीने येतात. गाडी विम्याने संरक्षित असल्याने शिलेदाराचे भय त्यास नाही. गिअर, क्लच व सुकाणू हलके झाल्याने गाडीवानाची अंगची जाणीवही नाही. आणि आगाराची देखरेख नाही. मेण्यातील मालकाचे सुख व हाकणाऱ्याची जबाबदारी एकाच माणसाच्या ठायी आली आहेत. घाट मात्र बदललेला नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीहून महाबळेश्वरास निघालेली बस दरीत कोसळून तीस माणसे मृत्युमुखी पडली. केवळ एक जण वाचला. त्यापूर्वी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्रीच्या पुरात जुना दगडी पूल वाहून गेला व दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहन त्यात नाहीसे झाले. ह्या दुसऱ्या दुर्घटनेत कोणत्याही चालकाची रीत कारणीभूत नव्हती. पुढचा रस्ता अस्तित्वात आहे, एवढाच विश्वास त्यांनी ठेवला होता. हाकण्याच्या रीतीचा विचार करताना ही मर्यादाही स्मरली पाहिजे. सावधपणाचे ओझे सर्वस्वी चालकावर टाकून रस्त्याच्या व पुलाच्या मालकास, म्हणजे राज्यसंस्थेस, मोकळे करता येणार नाही. पागेच्या घोड्याचा नालबंद जसा सरकारचा, तसा पुलाचा पहारेकरीही सरकारचाच.

७

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, हाकण्याची रीत मालकीने ठरते. परंतु मालकी ह्या एका शब्दाखाली नुकसान कोणाचे, मिळकत कशावर आणि देखभाल कोणाकडे, हे तीन निराळे प्रश्न आहेत. शिलेदार, सर्व्हिस मोटारीचा मालक व आजचा विमाधारी मोटारमालक हे तिघेही मालकच, परंतु ह्या प्रश्नांची उत्तरे भिन्न असल्याने त्यांची रीत भिन्न. दुसरी, वाहन हाकणाऱ्यास वाटेची जितकी खबर देते, तितका तो सावध राहतो. वाहन सुखकर होत गेले, तसतशी ही खबर मंदावली. तिसरी, लगाम कोणी धरावा व गाडीत कोणी बसावे, हे ठरवणारी समाजरचना दुर्लक्षिली, तर अपघाताचेही कारण चुकीचे सापडते, हे चाळीसगावच्या पुलाने सिद्ध केले आहे.

कशेडी घाटाखालून बोगदा झाला असून २०२३ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास त्याची एक बाजू हलक्या वाहनांस प्रथम खुली झाली. बोगद्यात चढ नाही, दरी नाही, वळण नाही. तेथून जाणाऱ्या चालकास घाट कळण्याचे कारण उरणार नाही. त्याच चालकाने पोलादपूरहून डावीकडे वळून महाबळेश्वरची वाट धरली, म्हणजे मात्र त्याच्यापुढे फिट्झजेराल्डच्या काळचा चढ, पावसाळ्यातले धुके आणि समोरून उतरणारी भरलेली गाडी असेल. अशा वेळी पायथ्याशीच गिअर निश्चित करण्याचा जुन्या चालकांचा नियम त्यास उपयोगी पडेल. तो नियम कोणत्याही नव्या गाडीने रद्द केलेला नाही. त्याची आठवण करून देणे तेवढे सोडले आहे.